ऑस्ट्रेलियात अमेरिकन फुटबॉल फुकट आणि क्रिकेटला पैसे? हे काय गणित?

पूर्व_गॅलरी_कोल्हापूर
मंडळी एक शंका हाय. आमची ताई मेलबर्नला असते. सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलची फायनल) दिवशी सोमवारी व्हिडिओ कॉल केला तर दाजी रजा टाकून टीव्हीसमोर, हेल्मेटवाले गडी एकमेकांवर पडायलेत आणि दाजी ओरडायलेत. विचारलं कितीचं पॅकेज, तर म्हणाले पॅकेज कसलं, छतावरच्या अँटेनावर फुकट येतंय, चॅनेल सेव्हन. आणि ह्याच दाजींनी गेल्या वर्षी आपली टीम तिकडं वनडे आणि टी-ट्वेंटी खेळाय गेली तेव्हा महिन्याचे पैसे भरून ॲप घेतलेलं, कारण त्या मॅचेस फुकट चॅनेलवर नव्हत्याच!! म्हणजे परक्या देशाचा खेळ फुकट आणि स्वतःच्या टीमला पैसे? इथं कोल्हापुरात पीटीएम-शिवाजी फुटबॉल मॅच असली तर सगळं गाव शाहू स्टेडियमवर, नाहीतर यूट्यूबवर, एवढं साधं असताना तिकडं एवढं उलटं का? कुणाला माहीत असेल तर नीट सांगा, दाजींना विचारलं तर ते नियमच समजवाय लागतात.

गल्ली_नंबर_९
भावा त्या खेळात तीन तासाच्या मॅचमध्ये चेंडू खरा खेळात असतो जेमतेम ११ मिनिटं. बाकी सगळा ब्रेक. जाहिरातीवर जगणाऱ्या चॅनेलला आणि काय पाहिजे 😂

रंकाळा_टू_पॅरामॅटा
वरच्यानं चेष्टेत सांगितलंय पण अर्धं उत्तर तेच आहे. मी बरीच वर्षं सिडनीत आहे, मूळ गाव आपलंच.

मुख्य भानगड घड्याळाची. अमेरिकेत रविवारी दुपारी एकला सुरू होणारी मॅच इथं सोमवारी पहाटे येते, तिथली रविवार रात्रीची मोठी मॅच इथं सोमवारी दुपारच्या आसपास, आणि सुपर बोल सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास. आता सोमवारी सकाळी साडेदहाला कुठल्याही चॅनेलकडं दाखवायला असतं काय? जुन्या मालिका नाहीतर गप्पांचे कार्यक्रम. त्या जागी तयार माल मिळाला, कॅमेरे अमेरिकेचे, कॉमेंट्री अमेरिकेची, आपण फक्त मधे स्थानिक जाहिराती टाकायच्या (म्हणून सुपर बोलच्या त्या गाजलेल्या अमेरिकन जाहिराती इथं टीव्हीवर दिसत नाहीत, दाजींना विचारा, इथला प्रत्येकजण दरवर्षी ह्यावर कुरकुरतो), तर चॅनेल नाही कशाला म्हणेल. एनएफएलला (अमेरिकन फुटबॉलची मोठी लीग) पण घाई नाही, त्यांचा २०२१ चा अमेरिकेतला करारच ११ वर्षांचा, साधारण ११० अब्ज डॉलरचा. ऑस्ट्रेलियातनं मिळणारे पैसे म्हणजे त्यांच्यासाठी वरकड, त्यांना इथं बघणारे लोक पाहिजेत.

आणि २००९-१० मधे इथं टीव्ही डिजिटल होत असताना प्रत्येक फुकट चॅनेलवाल्या कंपनीला जादाची चॅनेल मिळाली. टेननं २००९ ला वन एचडी नावाचं पूर्ण खेळाचं चॅनेल काढलं, सेव्हननं २०१० ला सेव्हनमेट. २४ तास भरायचे कशानं? स्वतःच्या देशातले मोठे सामने कायद्यानं मेन चॅनेल सोडून नुसते त्या जादाच्या चॅनेलवर दाखवता येत नव्हते त्या काळी, मग एनएफएल, बेसबॉल, नॅसकारच्या गाड्यांच्या शर्यती असलं सगळं आणून ओतलं. वन एचडीचं काही जमलं नाही, २०११ लाच खेळ कमी करून सिनेमा-मालिकांकडं वळलं. सेव्हनमेटवर मात्र एनएफएल टिकलं.

वकील_सर्किटबेंच
कायदा निघालाच आहे तर बोलतो, आज तारीख पडली, मोकळाच आहे.

तिकडं १९९२ च्या ब्रॉडकास्टिंग कायद्याखाली एक यादी असते, अँटी-सायफनिंग म्हणतात. मेलबर्न कप, ऑलिंपिक, त्यांचा फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल), घरच्या टेस्ट मॅचेस वगैरे. ह्यांचे हक्क पैशेवाल्या चॅनेलनं आधी उचलायचे नाहीत, फुकट चॅनेलला आधी संधी. पण मेख अशी की संधी म्हणजे सक्ती नव्हे. फुकट चॅनेलनं घ्यायलाच पाहिजे असं कुठंच नाही. २०१८ ला क्रिकेटचा करार झाला तेव्हा पुरुषांच्या वनडे आणि टी-ट्वेंटी यादीत असूनसुद्धा पैशेवाल्या फॉक्सकडं गेल्या, टेस्ट तेवढ्या सेव्हनवर राहिल्या. तुमच्या दाजींचे पैसे गेले ते त्या फटीतनं. एनएफएल तर यादीतच नाही, कायद्यानं त्याला कुणी हात धरून आणलेलं नाही, ते निव्वळ बाजारानं आलंय.

आपल्याकडचा कायदा वेगळा आणि माझ्या मते जास्त दमदार. २००७ चा. हक्क कुणीही घ्या, राष्ट्रीय महत्त्वाची मॅच असली की सिग्नल प्रसार भारतीला द्यायचाच, जाहिरातीचे पैसे ७५ टक्के हक्कवाल्याला, २५ प्रसार भारतीला. आयपीएल त्यात नाही, ते सोडा. पण २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवर आणि फ्री डिशवरच, खाजगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणून तर केबलवर डीडी लावलं की मॅचच्या टायमाला दुसरंच कायतरी लागलेलं असतंय आणि लोक बिचाऱ्या केबलवाल्याला शिव्या घालतात.

जुना_गोलकीपर
सगळं घड्याळ आणि पैशावर ढकलू नका राव. डॉन लेन म्हणून न्यूयॉर्कचा एक माणूस होता, तिकडं ऑस्ट्रेलियात टीव्हीवरचा मोठा स्टार झाला, त्यानं पुढं एबीसीवर एनएफएलचा कार्यक्रम चालवला, ८० च्या दशकापासून. एबीसी सरकारी, जाहिरातच नाही, मग तिथं ब्रेकचा धंदा कुठं आला? बघणारी एक पिढी तिथनं तयार झाली. आणि आता ऑस्ट्रेलियाची स्वतःची पोरं अमेरिकेत खेळतात. जॉर्डन मायलाटा बघा, सिडनीत रग्बी लीग खेळणारं पोरगं, आयुष्यात अमेरिकन फुटबॉलची एक मॅच खेळलेलं नव्हतं आणि २०१८ ला एनएफएलच्या ईगल्स टीमनं घेतलं, २०२५ ला सुपर बोल जिंकलं. एनबीएत (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) ऑस्ट्रेलियाचा ल्यूक लाँगली मायकल जॉर्डनच्या बुल्समधे तीन टायटलं घेऊन आलाय. असलं काही झालं की चॅनेल आपोआप मागं येतं. एसबीएस ह्या दुसऱ्या फुकट चॅनेलनं २०१९ पासनं एनबीए फुकट दाखवायला घेतलं ते उगंच न्हाई.

आपला अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला खेळला तेव्हा पेठेतल्या किती घरात ती मॅच लागली होती आठवा की.

रंकाळा_टू_पॅरामॅटा
@जुना_गोलकीपर एबीसीचा मुद्दा मान्य. पण मायलाटामुळं सेव्हन दाखवतंय असं नाही, त्याच्या आधीपासनं दाखवतंय. तो मिळाला हे त्यांचं नशीब. आता तर २०२६ च्या सीझनची एक मॅच मेलबर्नच्या एमसीजीवर ठरलीय, रॅम्स ह्या एनएफएल टीमची. म्हणजे इतकी वर्षं सकाळच्या फुकट चॅनेलवर पेरलेलं आता तिकिटावर वसूल करणार 😄

पूर्व_गॅलरी_कोल्हापूर
लई भारी माहिती, सगळ्यांचे आभार. म्हणजे यादीतलं क्रिकेट पैशात आणि यादीबाहेरचं फुकट, कारण एकाला गिऱ्हाईक हाय आणि दुसऱ्याला तयार करायचंय. बरं ते सेव्हनचं ॲप इथं चालतंय का? एकदा बघावं म्हणतो दाजी काय ओरडतात ते.

रंकाळा_टू_पॅरामॅटा
नाही चालत, सेव्हनप्लस ऑस्ट्रेलियाबाहेर बंद. हक्क देशापुरतेच विकलेले असतात. आणि इकडं साडेदहा म्हणजे तिकडं पहाटे पाच, तू उठणार हायस का?

गल्ली_नंबर_९
वर्ल्डकपला रात्री दीडची मॅच बघून सकाळी कामावर जाणारी माणसं आपण. पाच म्हणजे काय. पण हेल्मेटवाल्यांसाठी मी तरी उठणार न्हाई.