मदत हवी आहे: अण्णांच्या कंबरेला १०% दिले, पण त्यांचं काम तर पूर्णच गेलं

नमस्कार. वडिलांसाठी विचारते आहे.

अण्णा ५१ वर्षांचे. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत (धातू ओतण्याचा कारखाना) २२ वर्षं मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला होते. गेल्या श्रावणात वाळूने भरलेला साच्याचा बॉक्स उचलताना कंबरेत कळ आली, तेव्हापासून डाव्या पायात मुंग्या. अपघाताची नोंद झालेली आहे. एमआरआयमध्ये मणक्यातली चकती सरकून नस दाबलेली दिसते. गोळ्या, पट्टा, फिजिओ सगळं झालं.

ईएसआयच्या (कामगारांची सरकारी विमा योजना) मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता १०% गेली असं ठरवलं. बोर्डासमोर आम्ही पाच-सात मिनिटं होतो. डॉक्टर म्हणाले वाका, अण्णा वाकले. दात आवळून, पण वाकले. साहेबाने सांगितलं आणि केलं नाही, असं त्यांनी आयुष्यात केलेलं नाही. 'दुखतंय' म्हणायलाही संकोच. घरी आल्यावर दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. ते दोन दिवस बोर्डाला कुठे दिसले?

कारखाना म्हणतो, हलकं काम नाही. वाळू, बॉक्स, कास्टिंग, सगळं वाकून आणि उचलूनच. अण्णा सातवी शिकलेले, आणि अर्धा तास सलग बसवत नाही. मग ९०% कमाई ते कुठे करणार?

कुणी म्हणतं ४०% चं अपंगत्व प्रमाणपत्र काढा, म्हणजे बोर्डालाही ते मानावं लागेल. हे खरं आहे का? आणि अपील कुठे करायचं?

प्रतिसाद १

ताई, आधी दोन टक्केवाऱ्या वेगळ्या करा. ४०% ची अट २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या सवलतींसाठी. ईएसआयमध्ये बघतात ती कमाईची क्षमता. बोट, हात, पाय तुटला तर टक्के कायद्याच्या परिशिष्टात छापलेले आहेत. कंबरदुखी त्यात नाही, म्हणून सगळं बोर्डाच्या अंदाजावर जातं. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराचं प्रकरण होतं. तो सुतारकाम करू शकत नाही, म्हणून नुकसान १००% धरलं गेलं. ते भरपाईच्या १९२३ च्या कायद्याखालचं असलं तरी मुद्दा तुमचाच आहे.

अपील मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात करता येतं. मुदत असते, थांबू नका.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नुसत्या एमआरआयवर भिस्त ठेवू नका. काहीही दुखत नसलेल्या कित्येकांच्या चकत्याही फुगलेल्या दिसतात. पाय सरळ उचलल्यावर किती अंशाला कळ येते, पायाच्या अंगठ्याची ताकद, बधिरपणा कुठवर, हे तपासून लेखी घ्या. कंबरदुखीने रोजच्या कामात किती अडतं हे मोजणारी ओस्वेस्ट्री प्रश्नावली मराठीतही आहे: बसणं, उभं राहणं, उचलणं, झोप असे १० भाग, प्रत्येकी ० ते ५ गुण. रुग्णानेच सांगायचं असतं, म्हणून एकटी पुरत नाही, पण दर महिन्याला भरलेली असली तर वजन येतं. अण्णांना आधी एकच सांगा: जिथे दुखेल तिथे थांबायचं आणि 'इथे दुखतंय' म्हणायचं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आजच अण्णांजवळ बसून शिफ्टला किती बॉक्स, किती किलो, किती वेळा वाकणं, हे लिहून काढलं. त्यांनीच सांगितलं, मी लिहीत गेले. यावर कारखान्यातल्या सुपरवायझरची सही मिळाली तर ती अपिलात चालते का? की वकिलामार्फत वेगळं काही करावं लागतं?