लोड गाडी चढावर गिअरमध्ये असूनही मागे सरकते. क्लच बदलायचा का?

प्रश्न
पिकअप आहे. चार सिलिंडर डिझेल, पाच गिअर, मागे ड्रम ब्रेक. शेताच्या वाटेवर तोंड चढाकडे करून उभी करतो. पहिला गिअर, हँडब्रेक पूर्ण वर, ११-१२ कट (लिव्हर ओढताना होणारे ‘कट-कट’ आवाज). रिकामी असली की जागची हलत नाही. दीड टन माल भरला की दहा मिनिटांत चार बोटं मागे येते, गचका खाऊन थांबते, मग परत तेवढीच. मेकॅनिक म्हणतो क्लच प्लेट गेली. बदलू का?

उत्तर १
क्लचला आत्ता हात लावू नका. ती ‘चार बोटं’च सगळं सांगतात. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन साधारण १६ वेळा फिरतं. चाकाचा घेर २ मीटर धरला तर इंजिनच्या एका फेऱ्याला गाडी १२-१३ सेंटिमीटर सरकते, आणि चार सिलिंडरमध्ये दर अर्ध्या फेऱ्याला एक कॉम्प्रेशन (पिस्टनने हवा दाबणं) येतं. म्हणजे सहा सेंटिमीटर. कोंडलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून हळूहळू निसटते, गाडी पुढच्या कॉम्प्रेशनवर जाऊन अडते. क्लच घसरत असता तर गाडी गचके न खाता सलग उतरली असती, आणि लोड घेऊन चढ चढतानाही इंजिन नुसतंच रेस होऊन गाडी ओढली नसती.

खात्री करायची तर मागच्या चाकांमागे वीतभर अंतरावर दगड लावा, क्रँकच्या पुलीवर (इंजिनच्या टोकाला, इंजिनबरोबरच फिरणारं चाक) खडूने रेघ मारा. गाडी सरकल्यावर रेघ हलली, तर इंजिन फिरलं, म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स दोन्ही निर्दोष. रेघ जागेवर आणि गाडी खाली, तरच गिअर निसटतोय का, क्लच घसरतोय का ते बघा.

उत्तर २
वरचं बरोबर, पण इंजिनवर गाडी कायम तोलून धरता येतच नाही. खरा दोष हँडब्रेकचा. १:१० चढावर तीन टनांची गाडी सुमारे ३०० किलोने खाली ओढते, रिकामी त्याच्या निम्म्याने. म्हणून रिकामी टिकते.

११-१२ कट फारच झाले. पण नुसती वायर ताणू नका, सगळे तिथेच चुकतात. वायर आधीच ताणलेली असली की ड्रममधला अ‍ॅडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ आणणारा स्क्रू) पुढे सरकत नाही आणि लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, ड्रमपासून लांबच राहतात. आधी वायर सैल करा, चाक उचलून अ‍ॅडजस्टर लायनर घासेपर्यंत फिरवा, चाक मोकळं फिरेल इतका मागे घ्या. वायर शेवटी. त्याआधी ड्रम उघडून लायनर तेलकट किंवा काचेसारखे गुळगुळीत झालेत का तेही बघा.

प्रश्नकर्ता
रेघ हलली. उजवा ड्रम कोरडा, डाव्यात काळं चिकट तेल, वास गिअर ऑइलचा.

उत्तर २
मग डाव्या एक्सलचं ऑइल सील गेलंय. लायनर धुऊन परत बसवू नका, तेल आत मुरलेलं असतं. गरम झाले की पुन्हा पाझरतं. दोन्ही बाजूंचे नवे टाका. आणि सील बसवण्याआधी मागच्या एक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं भोक) उघडून बघा. तो चिखलाने बुजला असेल तर आत दाब साठतो आणि नवं सीलही तेल सोडतं.

उत्तर १
काम होईपर्यंत माल भरून चढावर ठेवूच नका. ठेवावीच लागली तर दोन्ही मागच्या चाकांना दगड.