मदत हवी आहे : आई उघड्या चेंबरमध्ये पडली, दुसऱ्याच दिवशी झाकण बसलं. आता पुरावा कसा उभा करायचा?

नमस्कार. थोडं लांबलं तर समजून घ्या.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी संध्याकाळी साडेसातला माझी आई (वय ६४) दूध आणायला निघाली. दिवसभर पाऊस होता, रस्त्यावर घोटाभर पाणी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाळी गटाराचा चेंबर आहे. त्यावर झाकण नव्हतं. कोणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून तिला लाल फडकं बांधलं होतं, त्या खुणेवर सगळी गल्ली चालायची. त्या दिवशी फांदी वाहून गेली होती आणि खांबावरचा दिवा बंद होता. आईचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि ती आडवी पडली. इस्त्रीवाले दादा आणि एका रिक्षावाल्याने तिला वर ओढलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. विमा वजा जाऊन १ लाख १० हजार खिशातून गेले. पैशापेक्षा जास्त लागतं ते हे, की स्वतःच्या पायांवर सगळं करणारी बाई आज संडासला जायलाही हाक मारते.

आमचा भाग दहा-बारा वर्षांपूर्वी शेतं होता. आधी माणसं राहायला आली, मग नळ, मग ड्रेनेज, मग गॅस, मग केबल. प्रत्येकाने रस्ता खणला. शेवटी काँक्रीटीकरण झालं तेव्हा रस्ता वीतभर वर आला आणि चेंबर खालीच राहिले. पाणी भरलं की खड्डा कुठे आणि रस्ता कुठे, कळतच नाही.

आता अडचण. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत त्या चेंबरवर नवं काँक्रीटचं झाकण बसलं. आठ महिन्यांत दोन लेखी तक्रारी देऊन जे झालं नाही, ते एका रात्रीत झालं. आम्ही सगळे दवाखान्यात, त्यामुळे फोटो काढायचं कोणाला सुचलं नाही. शेजारच्या काकूंच्या मुलाकडे पडल्यानंतर दहा मिनिटांनी काढलेला एक फोटो आहे, पण अंधारात नुसतं पाणी आणि माणसांचे पाय दिसतात.

दुसरं, माझ्या मोठ्या भावाने भरती करताना घाईत "पाय घसरून पडली" सांगितलं आणि केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं. चेंबरचा उल्लेखच नाही. तिसरं, पोलीस चौकीत विचारलं, "त्या स्वतः पडल्या ना, मग तक्रार कोणाविरुद्ध घ्यायची?" आणि परत पाठवलं.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली आहे, एवढं वाचलं. अर्ज कुठे करायचा? केसपेपरवरचं वाक्य आडवं येईल का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. शहराचं आणि दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

प्रतिसाद १

ताई, आईंना लवकर आराम पडो. मी दिवाणी वकिली करतो, म्हणून क्रमाने सांगतो.

त्या आदेशाप्रमाणे महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती असते. अर्ज तिच्याकडे जातो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे द्या आणि पोच घ्या. दाव्यानंतर ६ ते ८ आठवड्यांत रक्कम द्यायची आहे, उशीर झाला तर ९ टक्के व्याज. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

दिवाणी दाव्याचा विचार असेल तर मुदत सांभाळा. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत. लोक इथेच हुकतात.

चौकीने घेतलं नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाकडे रजिस्टर पोस्टाने पाठवा. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. निष्काळजीपणाने ती झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागतं. नाव माहीत नसेल तर "संबंधित जबाबदार व्यक्ती" लिहिलं तरी चालतं.

प्रतिसाद २

मी रस्त्यांच्या कामांवर सुपरवायझर होतो. रात्रीत झाकण बसलं म्हणून हताश होऊ नका, तोच तुमचा पुरावा आहे. झाकण स्टोअरमधून निघालं म्हणजे नोंद झाली, ठेकेदाराने बसवलं म्हणजे बिल निघणार. माहितीच्या अधिकारात त्या चेंबरच्या दुरुस्तीचा कार्यादेश, स्टोअरची नोंद, मोजमाप पुस्तकातलं (झालेल्या कामाची मापं लिहितात ते) पान आणि तुमच्या दोन तक्रारींवरचे शेरे मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवा. कागदांची प्रत्यक्ष पाहणीही मागा, फाइल चाळताना बाकीचं सापडतं. काँक्रीटचा ठेका दोषदायित्व कालावधीत, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, आहे का, तेही वेगळ्या अर्जाने विचारा. चेंबर रस्त्याच्या पातळीला आणणं बहुतेक त्याच ठेक्यात असतं.

कोपऱ्यावरच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण आजच मागा. बऱ्याच ठिकाणी ते पंधरा-वीस दिवसांत पुसलं जातं, तुम्हाला कदाचित उशीर झालाही असेल. मिळालं तर मूळ प्रत घ्या, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल. काकूंच्या मुलाला तो फोटो फोनमधून पुसू नको म्हणून सांगा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या फोटोत वेळ आणि ठिकाण राहत नाही.

प्रतिसाद ३

केसपेपरबद्दल : मी वीस वर्षं परिचारिका आहे. जुनी नोंद खोडायला कोणालाही सांगू नका, त्याने उलट तुमचंच नुकसान होईल. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना लेखी अर्ज द्या की भरतीच्या वेळी माहिती अपुरी दिली गेली, आणि नवी नोंद तारखेसह जोडायला सांगा. पायावर खरचटलेलं, गटाराचा चिखल जखमेत असल्याचं ड्रेसिंगच्या नोंदीत असेल, तीही मागा. घसरून पडलेल्या बाईच्या मांडीला तशा जखमा होत नाहीत.

धागालेखिका

तिघांचेही मनापासून आभार. दुकानदाराकडे आज जाऊन आले, चित्रण पुसलं गेलंय. पण ड्रेसिंगच्या पहिल्या दिवसाच्या कागदावर मांडीच्या आतल्या बाजूला ओरखडे आणि "चिखलाने माखलेली जखम" असं स्पष्ट लिहिलेलं सापडलं.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पुराच्या पाण्यातून घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये गेले, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अंधेरीत एक बाई. तेव्हा बातमी वाचून मी हळहळले आणि पान उलटलं. काल मी आमच्या रस्त्यावरचे चेंबर मोजले. एकूण १४, पैकी ५ उघडे, त्यातला एक बालवाडीच्या फाटकासमोर. आईचा अर्ज होईल तेव्हा होईल, पण या पाचांसाठी आज काय करता येईल?

प्रतिसाद १

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. सार्वजनिक रस्त्यावरचा धोका हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पाचही चेंबरचे दिवसाउजेडी फोटो, ठिकाण, मोजपट्टी लावून. गल्लीतल्या दहा जणांच्या सह्या घ्या आणि बालवाडीचा चेंबर अर्जात सगळ्यात वर ठेवा.

धागालेखिका

सह्या सहा झाल्या आहेत. इस्त्रीवाले दादा जबाब द्यायला तयार आहेत, फक्त त्यांचं रेशनकार्ड गावाकडचं आहे. प्रतिज्ञापत्राला तेवढ्याने अडचण येईल का? नोटरी चालेल की तहसीलमध्येच करावं लागेल? उद्या सकाळी त्यांना घेऊन निघायचं आहे.