मदत हवी आहे: पाचातले दोन सुटले, तर कलम १९० टिकेल का?

खुनाच्या खटल्यात पाच आरोपी. दोषारोप भारतीय न्याय संहितेच्या १०३(१) (खून) सह १९० (बेकायदा जमावातील प्रत्येकाची समान उद्देशाने झालेल्या गुन्ह्याची जबाबदारी) खाली (जुन्या दंड संहितेचे ३०२ सह १४९). दोघे निर्दोष सुटले, उरले तीन. फिर्यादीत 'इतर अनोळखी इसम' असा शब्दही नाही, म्हणजे कलम १८९ चा किमान पाच जणांचा बेकायदा जमाव मोडला. अडचण पुढेच आहे. डोक्यात काठीचा एकच घाव, तोही पहिल्या आरोपीचा; बाकी दोघे नुसते हजर. कलम ३(५) (समान इराद्याने अनेकांनी मिळून केलेले कृत्य; जुने ३४) लावायचे तर समान इरादा आणि प्रत्यक्ष सहभाग दोन्ही दिसायला हवेत. हजेरी पुरत नाही. दोषारोपात ३(५) नसताना अपिलात ते लावले, तर बचावाला बाधा पोहोचली हे नेमके कसे मांडावे? मुंबई उच्च न्यायालयाचे निवाडे असल्यास कृपया सांगा.