बीजीएमआयचे नवे मॅप: कमी रॅमचा फोन आणि गावातलं नेट असेल तर कोणते ठेवावे? मदत हवी आहे

राम राम मंडळी,

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, मोबाइलवरचा लढाईचा गेम) खेळणाऱ्यांकडून नव्या मॅपबद्दल, म्हणजे लढाईच्या नव्या मैदानाबद्दल मत पाहिजे. व्हिडिओ बनवणारे सगळे महागड्या फोनवर आणि फायबरवर खेळतात, त्यांचं ऐकून आमचं काम भागत नाही. खेड्यात मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांचा अनुभव ऐकायचा आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या बाजूला. चौघांचा स्क्वॉड आहे. मी, माझा चुलत भाऊ, कृषी केंद्रात कामाला असलेला एक मित्र आणि तालुक्याला आयटीआय करणारा शेजारचा पोट्टा. चुलत भाऊ आणि कृषी केंद्रवाला यांच्याकडे ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेजचे फोन. माझा ४ जीबीचा. आयटीआयवाल्याचा ६ जीबीचा, आमच्यात सगळ्यात नवा.

मार्च २०२५ च्या ३.७ अपडेटमध्ये रोंडो हा नवा मॅप आला तेव्हापासून आमच्यात दोन तट पडले आहेत. रोंडो ८ बाय ८ किलोमीटरचा, म्हणजे एरँगल-मिरामार या जुन्या मॅपएवढाच. नद्या आहेत, बांबूची बनं आहेत, आणि जडेना सिटी म्हणून उंच इमारतींचं मोठं शहर आहे. आयटीआयवाला म्हणतो आता हाच खेळायचा. त्याचं म्हणणं मला पटतं. एरँगलमधली पोचिंकी, रोझोक, मिलिटरी बेस ही ठिकाणं इतकी पाठ झाली आहेत की कोणत्या खिडकीतून कोण डोकावेल हे आधीच कळतं. नव्या मॅपवर पुढचाही नवखा असतो, चालताना पुन्हा जीव मुठीत धरावा लागतो. खेळातली ती मजा आम्हाला परत पाहिजे आहे.

पण चुलत भावाच्या फोनवर काय झालं ते सांगतो. आम्ही जडेना सिटीत उतरलो. माझ्या स्क्रीनवर इमारत दारं-खिडक्यांसकट उभी होती, त्याच्या स्क्रीनवर त्याच जागी नुसता करडा ठोकळा. तो भिंतीला लागून इकडून तिकडे फिरून राहिला आणि माइकवर म्हणून राहिला, "दार कुठी हाय बे? मले दारच दिसून नाही राहिलं." दार त्याच्या पुढ्यात होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणी त्याला गोळ्या घालून नॉक केलं (खाली पाडलं), आणि त्याच्या फोनवर खिडक्या उमटल्या त्या तो खाली पडल्यावर. मॅच संपेपर्यंत फोन एवढा तापला होता की कव्हर काढून माठाजवळच्या थंड फरशीवर ठेवावा लागला. त्या दिवसापासून तो रोंडोचं नाव काढू देत नाही.

दुसरी अडचण डेटाची. आमचे सगळ्यांचे रिचार्ज दिवसाला दीड जीबीचे. गेमचा अपडेट आणि वरून रिसोर्स पॅक घेतला की तो दिवस संपला. त्यात प्रत्येक मॅप वेगळा उतरवायचा, तेही काही शे एमबी. आणि स्क्वॉडमधल्या एकाकडे जरी मॅप नसला तरी चौघांची मॅच सुरू होत नाही.

पहिले एकजण उतरवायचा आणि बाकीच्यांना शेअरइटने द्यायचा. ते अ‍ॅप जून २०२० मध्ये बंद झालं, तरी तशी दुसरी अ‍ॅप मिळतात. खरी आडकाठी अँड्रॉइड ११ पासूनची आहे. गेमच्या डेटाचा फोल्डर आता साध्या फाइल मॅनेजरमध्ये उघडतच नाही, त्यामुळे एपीके (गेमची मूळ फाइल) पाठवता येते पण मॅप पाठवता येत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. सध्या गव्हाचं ओलित चालू आहे. ज्या आठवड्यात रात्रीची लाइन असते त्या आठवड्यात आम्ही दोघं भाऊ वावरात असतो. एक वाफा भरला की दांड फोडून पाणी दुसरीकडे वळवायला उठावंच लागतं. एरँगलची अर्ध्या तासाची मॅच तिथे जमत नाही, मधे उठलं की बाकी तिघं उघड्यावर पडतात. म्हणून त्या आठवड्यात लिविक हा छोटा मॅप. २ बाय २ किलोमीटर, ५२ खेळाडू, पाव तासात निकाल. फारच घाई असली तर वेअरहाउसमध्ये टीडीएम (दोन टीमची छोटी लढत), चाळीस किल झाले की मोकळे.

तर मंडळी, मला हे विचारायचं आहे की ३ जीबीच्या फोनवर रोंडो नीट चालवणारं कोणी आहे का, आणि असेल तर सेटिंग काय ठेवलं? जागा करायला जुन्यातला कोणता मॅप उडवावा? सॅनहॉक की विकेंडी? आणि मॅप एका फोनवरून दुसऱ्या फोनवर न्यायचा काही रस्ता उरला आहे का? नवा फोन घ्या असं कृपया सुचवू नका. कापसाचे पैसे आले की आधी कृषी केंद्राची उधारी आणि घरचं पाहावं लागतं, फोनचा नंबर बराच मागे आहे.

प्रतिसाद, आर्वीकडून

भाऊ, मीबी ३ जीबीवरच खेळून रायलो, अन् रोंडो खेळतो. तुह्या भावाले जो ठोकळा दिसला तो नेटमुळं नाही दिसला. मॅप फोनात उतरला का त्याचा नेटशी संबंध सरला, चित्र फोनच्या मेमरीतून येते. ३२ जीबीचा फोन गच्च भरला असन तं इमारत उशिरा येणारच. पहिले व्हॉट्सअ‍ॅपमधले व्हिडिओ काढ. आमच्या घरी निस्त्या गुड मॉर्निंगच्या व्हिडिओनं फोन भरला होता. चार-पाच जीबी मोकळे झाले का मंग पाह्य.

ग्राफिक्स स्मूथवर ठेव, सावल्या बंद कर. एचडी रिसोर्स पॅक घेतला असन तं काढून हलकावाला पॅक घे. चार्जिंगले लावून खेळू नको, फोन तापला का स्वतःच हळू होते. अन् जडेना सिटीत उतरूच नको. तिथं सगळ्यात जास्त इमारती, अन् अर्धी लॉबी (मॅचमधले खेळाडू) तिथंच उतरते, तं फोनवर सगळा लोड एकदमच येते. कडेच्या गावात उतर, लूट कर, गाडी घे अन् झोनकडे (ज्या घेऱ्यात राहाले लागते तिकडे) जा. तिथं मले काहीच अडचण नाही आली.

प्रतिसाद, परतवाड्याकडून

दादा, मी आणि माझी बहीण भावाच्या स्क्वॉडमध्ये खेळतो. मी मिरामारच्या बाजूने लिहिते, कारण त्याचं नाव कोणी घेत नाही आणि हलक्या फोनवाल्यांना खरा न्याय तिथेच मिळतो.

एक गोष्ट ध्यानात घ्या. या गेममध्ये लांबचं गवत स्क्रीनवर येतच नाही, मग फोन कितीही भारी असो. तुम्ही गवतात लपला आहात असं तुम्हाला वाटतं, पण दूरच्या टेकडीवरून पाहणाऱ्याला तुम्ही उघड्या जमिनीवर पालथे पडलेले दिसता. एरँगलमध्ये पोट्टे यातच मरतात. मिरामार वाळवंटी आहे, तिथे आधीच गवत कमी. आडोसा म्हणजे दगड, उतार आणि घरं, आणि ते सगळ्यांच्या फोनवर सारखेच दिसतात. स्मूथवर खेळणारा आणि भारी ग्राफिक्सवर खेळणारा यांच्यात तिथे फारसा फरक उरत नाही. फक्त पेकाडो आणि हासिएन्डा टाळा, तिथे उतरल्या उतरल्या झुंबड असते.

तुम्ही सॅनहॉक आणि विकेंडीबद्दल विचारलंत. मी सॅनहॉक काढला. ४ बाय ४ मध्ये शंभर खेळाडू आणि सगळीकडे झाडी, आमच्या जुन्या फोनवर झाडामागचा माणूस दिसेपर्यंत मॅच संपलेली असते. विकेंडी मी ठेवला आहे. बर्फावर पावलांच्या खुणा उमटतात, त्यावरून माग काढत जायला मला फार आवडतं. हे आवडीचं झालं, तुमच्या स्क्वॉडला विचारून ठरवा.

प्रतिसाद, नागपूर (गाव भंडारा जिल्ह्यात)

मी नव्या मॅपच्या बाजूचा आहे, तरी तुमची अडचण कळते. पीसी आणि कन्सोलवरच्या कॉल ऑफ ड्युटीत कितीतरी वर्षं मॅपचे पॅक विकत घ्यावे लागायचे. चार मित्रांपैकी तिघांनी घेतला आणि एकाने नाही, की तो एकटा बाहेर. खेळणाऱ्यांचे आपोआप दोन भाग पडायचे आणि पैसे मोजून घेतलेल्या मॅपवर काही महिन्यांनी लॉबीच भरायची नाही. २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरपासून त्यांनी मॅप सगळ्यांना मोफत केले. बीजीएमआयमध्येही मॅपला पैसे नाहीत, कंपनी कपडे आणि बंदुकांच्या स्किनवर कमावते. पण गावात दीड जीबीवाल्याला मॅपची किंमत डेटात आणि स्टोरेजमध्ये मोजावीच लागते, आणि फूट तशीच पडते. म्हणून मॅप निवडताना स्क्वॉडमधला सगळ्यात हलका फोन पाहावा, या मताचा मी आहे. आयटीआयवाल्या भावाला रोंडो खेळायचाच असेल तर त्याने रात्री सोलोमध्ये खेळावा, शिकावा आणि उतरायला शांत जागा कोणत्या ते बाकीच्यांना दाखवावं.

एक कळकळीने सांगतो. जागा करायला आख्खा गेम कधीच अनइन्स्टॉल करू नका. २८ जुलै २०२२ ला गेम प्ले स्टोअरवरून काढला गेला तेव्हा ज्यांच्या फोनमध्ये होता ते खेळत राहिले. माझ्या भाच्याने जागा पाहिजे म्हणून दोन दिवस आधीच काढला होता. त्याला थेट २०२३ च्या मे महिन्यात गेम परत आला तेव्हाच मिळाला. नको असलेला मॅप गेमच्या आत, डाउनलोडच्या पानावर जाऊन तेवढाच काढता येतो.

प्रतिसाद, आर्वीकडून

मॅप पाठवाचं सांगाचं रायलंच. कॉम्प्युटर असन तं यूएसबी केबल लावून पाह्य, फोनात 'फाइल ट्रान्सफर' निवड. आमच्या इथं सेवा केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर अँड्रॉइड फोल्डराच्या आतलं डेटा दिसलं अन् कॉपीबी झालं. दोन्ही फोनात गेमचं व्हर्जन एकच पाहिजे, नाहीतं गेम पुन्हा सगळं उतरवाले लागते. सगळ्याच फोनवर चालन असं नाही, पण करून पाहाले पैसे लागत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ, तुम्ही सांगितलेलं भावाच्या फोनवर करून पाहिलं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लग्नांचे व्हिडिओ एवढे निघाले की जागा भरपूर झाली. एचडी पॅक त्याच्याकडेही होता, तो काढला. आता रोंडोच्या कडेच्या गावात घरं वेळेवर दिसतात, दारांसकट. जडेना सिटीच्या जवळून गाडी नेली तर अजूनही अडखळतं, पण खेळता येतं. तो स्वतःहून म्हणाला, "आता ठीक हाय, पण शयरात नेऊ नका."

ताई, गवताचं तुमचं म्हणणं आम्ही तपासून पाहिलं. मी टेकडीवर गेलो आणि भावाला खाली गवतात झोपायला सांगितलं. खरंच तो पूर्ण उघडा दिसला. एवढी वर्षं खेळतो पण हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मिरामार ठेवतो आहोत. एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. मिरामारवर गाडी मिळाली नाही तर झोन गाठताना हाल होतात, आणि संध्याकाळी सात ते दहा पिंग (नेटला लागणारा उशीर) दोनशेच्या वर गेला की गाडी चालवता येत नाही, जागच्या जागी उड्या मारते. म्हणून मिरामार रात्री बारानंतर. तेव्हा टॉवर मोकळा असतो आणि डेटाही नवा सुरू झालेला असतो.

नागपूरकर दादा, तुमचा सल्ला आयटीआयवाल्याला वाचून दाखवला. पहिले त्याला राग आला, एकट्यानं काहून खेळायचं म्हणाला. मग रात्री बसून नदीकाठच्या तीन जागा शोधून आला आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर नकाशा काढून आम्हाला समजावत होता. त्याच्या सांगण्यावरून आम्ही उतरलो आणि पहिल्यांदाच चौघंही शेवटच्या झोनपर्यंत टिकलो.

तर आता एरँगल, लिविक, मिरामार, रोंडो एवढे ठेवतो, सॅनहॉक काढला. केबलचं अजून व्हायचं आहे, सेवा केंद्रवाले काका पीक विम्याच्या गर्दीत आहेत, गर्दी ओसरली की विचारतो. विकेंडीवर मात्र चौघांचं जुळेना. कृषी केंद्रवाला म्हणतो तो मागे एकदा गेममधून काढला होता आणि मग परत आणला, पुन्हा काढतील, कशाला जागा अडवायची. ज्यांच्याकडे विकेंडी आहे त्यांनी एवढंच सांगा, रात्री अकरानंतर त्याची लॉबी खऱ्या खेळाडूंनी भरते का, की बॉटच (गेमने स्वतः चालवलेले खोटे खेळाडू) जास्त येतात?