मदत हवी आहे : ‘डॅम्प स्क्विब’ हा इंग्रजी वाक्प्रचार नेमका कुठे शोभतो?

नमस्कार. खगोलशास्त्रावरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना मी या वाक्प्रचारापाशी अडलो आहे. स्क्विब म्हणजे फुसफुसत पेटून मग फुटणारा लहान फटाका, आणि तो सादळला की बार होत नाही, एवढे मला ठाऊक आहे. १६०५ साली पार्लमेंट उडवण्याचा कट फसला, त्याची आठवण म्हणून इंग्लंडात दर ५ नोव्हेंबरला फटाके उडवतात. तिकडच्या ओल्या हवेत ही प्रतिमा कोणाला समजावून सांगावी लागत नसेल.

मूळ वाक्य कोहूटेक धूमकेतूविषयी आहे. मार्च १९७३ मध्ये तो सापडला तेव्हा सूर्यापासून दूर असूनही बराच तेजस्वी होता, म्हणून वर्षअखेरीस तो डोळे दिपवील असे अंदाज बांधले गेले आणि ‘शतकातील धूमकेतू’ अशी त्याची जाहिरात झाली. प्रत्यक्षात तो नुसत्या डोळ्यांना दिसला खरा, पण अपेक्षेहून खूपच फिका. मी ‘फुसका बार’ असे लिहिले आहे; परंतु स्कायलॅबवरील अंतराळवीरांनी ज्याचे निरीक्षण केले आणि जो अभ्यासकांच्या उपयोगी पडला, त्याला फुसका म्हणणे योग्य आहे का? ‘डोंगर पोखरून उंदीर’ अधिक जवळचे ठरेल का? तसेच हा वाक्प्रचार माणसाला लावता येतो का?

प्रतिसाद :

‘फुसका बार’ ठेवण्यास हरकत नाही, कारण इंग्रजीतही हा शेरा त्या वस्तूच्या मोलापेक्षा आधी झालेल्या गाजावाजावर असतो, आणि कोहूटेकने निराश केले ते आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या सामान्य लोकांना. मात्र आपल्याकडे पोकळ धमकीलाही फुसका बार म्हणतात व त्यात थोडी हेटाळणी असते, तेव्हा ‘सामान्य प्रेक्षकांच्या दृष्टीने’ असे शब्द आधी जोडावेत. डोंगर आणि उंदीर मात्र टाळावेत; तिथे खटाटोप वाया जाण्यावर भर आहे, आणि इथे पाहणाऱ्यांनी वाट पाहण्यापलीकडे काही केलेले नाही.

हा वाक्प्रचार सहसा समारंभ, सामना, घोषणा अशा गोष्टींना लावतात. माणसाबद्दल तो क्वचित येतो, आणि ‘माझा हिरमोड झाला’ या अर्थी बोलणारा स्वतःला तो कधीच लावत नाही. वापर मुख्यतः ब्रिटिश आहे. अमेरिकी माणूस अशा ठिकाणी ‘डड’ म्हणण्याची शक्यता जास्त. आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रे प्रतिसाद न मिळालेल्या बंदलाही डॅम्प स्क्विब म्हणतात, पण तिथे निराशा फक्त बंद पुकारणाऱ्यांच्या वाट्याला येते, बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकतात. म्हणून अशा बातमीत ‘बंद फसला’ एवढेच पुरे. काही इंग्रजी भाषक चुकून ‘स्क्विड’ म्हणतात, म्हणजे ओला माकूळ. माकूळ समुद्रातच राहतो, तो कोरडा कधी असणार! तेव्हा मूळ लेखात तसे छापलेले आढळले तरी अनुवाद फटाक्याचाच करावा.