रायझन ७ ५८००एक्स दोन सेकंदांत ९० अंशांवर: पेस्ट, हवा की खारा वारा?

मिऱ्याकिनारा, रत्नागिरी

घरी जुळवलेला पीसी. प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स, बी५५० मदरबोर्ड, १२० मिमीच्या एका पंख्याचा टॉवर कूलर, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० टीआय. केसला पुढे दोन पंखे हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. दोन वर्षांत कूलर एकदाही काढलेला नाही, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी मधली पेस्टही तेव्हाचीच. खोलीत एसी नाही, दुपारी ३३ अंश.

एचडब्ल्यूइन्फो६४ या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममधले प्रोसेसरचे आकडे: नुसता डेस्कटॉप ५६ अंश, गेममध्ये ८५ ते ८८. सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी लावली की दोन-तीन सेकंदांत ९०, आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) ४.५ वरून ४.१ गिगाहर्ट्‌झवर उतरतो. त्या वेळी पीपीटी (प्रोसेसरला मिळणारी वीज) १०२ वॉट, पंखा पूर्ण वेगात. गेल्या मे महिन्यात याच खोलीत, याच गेममध्ये ७५ असायचं. लिक्विड कूलर घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते कळायला हवं.

खाडीपलीकडे, दापोली

कूलर एवढ्यात घेऊ नका, उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. या चिपची कमाल मर्यादा ९० अंश, त्यामुळे तिथे पोचल्यावर ती स्वतःच वेग कमी करते. मूळ सेटिंगमध्ये तिला १४२ वॉटपर्यंत मुभा असते. तुमची १०२ वरच अडकली, म्हणजे वीज कमी पडत नाही, उष्णता बाहेर पडत नाही.

आता ती कुठे अडते? तापमान किती चढतं यापेक्षा किती वेळात चढतं ते बघा. धूळ किंवा कोंडलेली हवा असेल तर आकडा आठ-दहा मिनिटं हळूहळू चढत राहतो, कारण कूलरचं एवढं धातू तापायलाच वेळ लागतो. दोन सेकंदांत ९० म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही. या चिपचे आठही कोअर सुमारे ८० चौरस मिमीच्या एका तुकड्यात आहेत, म्हणून थोडी उडी ती मारणारच. पण १०२ वॉटला ९० हे फारच झालं.

खात्री करायची तर सिनेबेंच चालू असताना, बोट पंख्यापासून लांब ठेवून, कूलरच्या पत्र्यांना बाजूने हात लावा. आकडा ९० आणि पत्रे कोमट, तर पेस्ट किंवा पकड गेली. पत्रे चांगलेच गरम, तर हवा कमी पडतेय.

काढताना एक गोष्ट जपा. तुमच्या बोर्डवरच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि सुकलेली पेस्ट प्रोसेसरला कूलरसकट सॉकेटमधून उपटून काढते. पिना वाकतात त्या तिथेच. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ करा, मग पीसी बंद करून प्लग काढा. स्क्रू आळीपाळीने सैल करा, कूलर डावीउजवीकडे हलक्या हाताने पिळून सुटा करा आणि मगच वर उचला. सरळ वर ओढू नका.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी आणि चारी कोपऱ्यांजवळ मिरीच्या दाण्याहून लहान ठिपके. स्क्रू समोरासमोरचे, एकेक दोन-दोन फेरे देत, शेवटपर्यंत.

चिऱ्याचं_घर, वेंगुर्ला

वरच्या सगळ्याला दुजोरा. कूलर बाहेर येतोच आहे तर पत्र्यांमध्ये टॉर्च मारून बघा. किनाऱ्यावरची धूळ कोरडी नसते. तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा धरतं आणि तांबड्या मातीचा चिकट थर बसतो, तो ब्लोअरने उडत नाही. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर गंज धरायला लागलाय.

पंखा सोडवून नुसता धातूचा भाग साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा. उष्णतेच्या नळ्या बंदिस्त असतात, त्यांना काही होत नाही. पण सुकवायला घाई नको: उन्हात चार तास, पावसाळी हवेत पंख्याखाली पूर्ण दिवस. केसच्या पुढची जाळीही धुवा. इथे ती महिन्याला तुंबते. पंख्यांवर ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा.

तारकर्ली_बेंच, मालवण

पेस्ट बदलल्यावरही १४२ वॉट या कूलरला ३३ अंशांच्या खोलीत जडच जाईल. खोली जितकी तापते जवळपास तितकाच प्रोसेसरचा आकडा वर सरकतो, म्हणून २५ अंशांच्या एसी खोलीतल्या चाचण्यांशी तुलना करू नका.

बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हमध्ये जाऊन पीपीटीची मर्यादा ११० वॉट ठेवा आणि व्होल्टेज कमी करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरना उणे १५. हे जास्त झालं तर पीसी गेममध्ये नाही, रिकामा असताना किंवा ब्राउझर उघडताना अचानक रीस्टार्ट होतो. तसं दिसलं तर उणे १० वर या. बायोसच्या भानगडीत पडायचं नसेल तर रायझन मास्टर या एएमडीच्या प्रोग्राममधला ६५ वॉटचा इको मोड लावा, तो ८८ वॉटवर रोखतो. गेममध्ये फारसा फरक जाणवणार नाही, व्हिडिओ रेंडर करताना मात्र जाणवेल.

मिऱ्याकिनारा, रत्नागिरी

केलं. ९० वर पत्रे कोमटच होते. काढल्यावर पेस्ट खडूसारखी भुरभुरली आणि एका कडेला बोटभर पट्टीत धातू उघडा होता. त्या बाजूचा स्क्रू पूर्ण बसलाच नव्हता. धूळही निघाली, पांढरी भुकटी थोडी.

नवी पेस्ट, मूळ सेटिंग: दहा मिनिटांच्या आर२३ मध्ये १२४ वॉटला ८४. पीपीटी ११० आणि उणे १५ लावल्यावर ७७. गेममध्ये ७१. तीन दिवसांत रीस्टार्ट नाही. लिक्विड कूलर रद्द.

एकच राहिलं: पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद राहतो. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवू का?

चिऱ्याचं_घर, वेंगुर्ला

उघड्या केसमध्ये पुड्या एका दिवसात भरतात, उपयोग नाही. दिवसाआड तासभर पीसी चालू ठेवा, आतला ओलावा त्याच्याच उष्णतेने जातो. प्लॅस्टिकचं कव्हर नको, खाली दव कोंडतं. सुती कापड चालेल. पुढेमागे एसी बसवलात तर एसी बंद करून लगेच खिडक्या उघडू नका. थंड धातूवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं. तसं झालं असेल तर तासभर थांबून मगच बटण दाबा.